पाव टक्का, लादीपाव आणि ‘देवा, पाव’: दोन अक्षरांत राहणारे तीन शब्द

२०२५ च्या सुरुवातीला महिन्याभराच्या अंतराने दोन बातम्या आल्या. जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं आणि भट्टीच्या पावाची चव आता राहणार का, यावर वाद सुरू झाला. फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला आणि ‘व्याजदरात पाव टक्का कपात’ असे मथळे झळकले. पहिला पाव खायचा, दुसरा मोजायचा. देवासमोर हात जोडून ‘देवा, पाव’ म्हणतात तो तिसराच.

दिसायला तिन्ही सारखे, त्यामुळे त्यांची नाती जुळवायचा मोह अनेकांना होतो. मोबाइलवर दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरतो: बेकरीत पीठ पायाने तुडवतात म्हणून त्याला ‘पाव’ म्हणतात. त्याचाच भाऊ म्हणजे, ‘लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव’. दोन्ही चूक आहेत. का चूक, हे कळायला तिन्ही शब्दांची व्युत्पत्ती, म्हणजे वंशावळ, पाहावी लागते.

## मोजायचा पाव: चार पायांतला एक

संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. गाईला, बैलाला, खाटेला पाय चार, म्हणून चारांतला एक म्हणजे ‘पाद’, चौथा हिस्सा. हा अर्थ फार जुना आहे. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात ‘पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि’ असं म्हटलं आहे: सगळी भूतं हा त्याचा एक पाद, उरलेले तीन वर अमृतलोकात. तिथे एक अधिक तीन असा चाराचाच हिशेब आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि प्रत्येक अध्यायाचे चार पाद, एकूण ३२.

पुढे प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ झिजून गेला. ‘कदली’ची केळ झाली, ‘बदर’चं बोर झालं, तसं ‘पाद’चं ‘पाअ’ झालं. दोन स्वर लागोपाठ उच्चारायला अवघड, म्हणून मध्ये कुठे ‘य’ आला, कुठे ‘व’. मराठीने इथे छान व्यवस्था लावली: शरीराच्या अवयवाला ‘पाय’, चौथ्या हिश्श्याला ‘पाव’. हिंदीने चालायच्या पायाला ‘पाँव’ म्हटलं आणि चौथाईला ‘पाव’. दोघांतला फरक नाकातल्या उच्चारापुरता.

म्हणजे पाय आणि पाव किलोतला पाव हे खरोखर सख्खे आहेत. पायाने पीठ मळण्याच्या गोष्टीला जी थोडीफार धग मिळते ती इथूनच. पण ती चुकीच्या पावाला जाऊन चिकटली.

## पावणेदोन म्हणजे किती?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. इंग्रजी माध्यमातल्या अनेक मुलांना पावणेदोन म्हणजे सव्वादोन वाटतं, कारण कानाला ‘पाव’ आणि ‘दोन’ ऐकू येतात आणि मन त्यांची बेरीज करून मोकळं होतं. प्रत्यक्षात शब्द आहे पाद + ऊन, म्हणजे ‘पावाने कमी’. हाच ‘ऊन’ एकोणीसमध्ये आहे: एकाने कमी वीस. ‘पादोन’चा झाला ‘पाऊण’, आणि पुढे संख्या आली की ‘पावणे’.

उलट बाजूला ‘सपाद’, म्हणजे पावासह. इथे ‘प’चा ‘व’ झाला, ‘द’ गळला आणि उरला ‘सवा’, आपला ‘सव्वा’. म्हणून:

पाऊण = ०.७५, सव्वा = १.२५, पावणेदोन = १.७५, सव्वादोन = २.२५.

शेकडा-हजारात गेल्यावर चूक होते ती वेगळीच. ‘पावणेतीनशे’ म्हणजे तीनशेला पाव कमी, २९९.७५, असं नाही. आधी पावणेतीन करायचे, मग शंभराने गुणायचं: २७५. तसंच पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, पावणेदोन लाख १,७५,०००. पाव हा नेहमी त्या एककाचा: शंभराचा, हजाराचा, लाखाचा.

मथळ्यांतल्या पाव टक्क्यालाही हेच लागू. दर ‘पाव टक्क्याने कमी झाला’ म्हणजे ६.५ चा चौथा हिस्सा गेला असं नव्हे, एका टक्क्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ०.२५ गेला. बँकवाले त्याला २५ बेसिस पॉइंट म्हणतात, कारण त्यांच्या हिशेबात एका टक्क्याचे शंभर भाग असतात. ३० लाखांचं कर्ज शिल्लक असेल आणि बँकेने कपात पूर्ण दिली, तर त्या मुद्दलावर वर्षाचं व्याज साधारण ७,५०० रुपयांनी उतरतं.

पूर्वी शाळेत या अपूर्णांकांचेही पाढे असत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. संतवाङ्मयातल्या ‘औट हात’ देहातला तोच. लिहितानाही पाव ही एक उभी रेघ होती: ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ साडेपाच, ५॥। पावणेसहा. जुन्या पोथ्या-पंचांगांत किंवा जमाखर्चाच्या वह्यांत हे दिसलं तर ते विरामचिन्ह समजून ओलांडून जाऊ नये, एखाद्या व्यवहाराची रक्कमच चुकीची वाचली जाते.

## शेर गेला, पाव राहिला

वजनात पाव म्हणजे मुळात पावशेर. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, त्याचा पाव २० तोळे, म्हणजे साधारण २३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनं आली, शेर बाद झाला, पण शब्द जिभेवरून उतरले नाहीत. दुकानदाराने पावशेर म्हणत २५० ग्रॅमचं वजन टाकायला सुरुवात केली. एकाच शब्दात १७ ग्रॅम जास्त मावू लागले आणि कुणी तक्रार केली नाही.

पाकिस्तानात आजही ‘एक पाव’ म्हणजे २५० ग्रॅम. नेपाळात मात्र ‘पाउ’ सुमारे २०० ग्रॅमचा, कारण तिथली जुनी धार्नी बारा पाउंची आणि ती साधारण २.४ किलो भरते. चौथा हिस्सा कशाचा, हे विसरलं गेलं की ‘पाव’ हे एका वजनाचं नावच होऊन बसतं. नागपूरकडे ऐकू येणारा हिंदी ‘पव्वा’, म्हणजे दारूची छोटी बाटली, तर १८० मिलिलिटरचा. ७५० च्या बाटलीचा काटेकोर पाव १८७.५ होतो, पण ते साडेसात मिलिलिटर कोण मोजतंय!

नाण्यांत पाव रुपया म्हणजे पावली. चार आणे होते तेव्हाही पावली, १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाल्यावर २५ पैशांनाही पावली. ३० जून २०११ नंतर ते नाणं चलनातून गेलं. वारीत टाळ-मृदंगावर जी ‘पावली’ खेळतात, ती पावलांची. नाणं आणि नाच दोन्ही ‘पाद’चीच लेकरं, एक चौथाईच्या बाजूने आलेलं, दुसरं पायाच्या.

## खायचा पाव: समुद्रावरून आलेला

आता भट्टीकडे. लॅटिनमध्ये भाकरीला ‘पानिस’, विभक्तीत ‘पानेम’. इटालियनमध्ये त्याचं ‘पाने’ झालं, स्पॅनिशमध्ये ‘पान’. पोर्तुगीजांनी शेवटचा ‘न’ नाकात ढकलला आणि त्यांचा शब्द ‘पांव’ असा ऐकू येतो, शेवट नाकात विरघळणारा. हे त्यांनी एकट्या पावाच्या बाबतीत केलं नाही. लॅटिन ‘मानुस’ (हात) त्यांच्याकडे ‘मांव’ झाला, ‘कानेम’ (कुत्रा) ‘कांव’ झाला.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्यांच्याकडे होती, आणि मुंबई १६६१ च्या विवाह-तहात इंग्रजांना मिळेपर्यंत त्यांचीच. मराठीत शब्द शिरायला गोव्याबरोबर उत्तर कोकणाचंही दार उघडं होतं. गव्हाची भाकरी-पोळी इथे होतीच. नवी होती ती आंबवून भट्टीत फुगवलेली. यीस्ट मिळत नव्हतं, म्हणून पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली गेली. गोव्यात पाव करणारा तो ‘पदेर’, हाही पोर्तुगीज शब्दच. त्याच्या टोपलीत साध्या पावाबरोबर कडक कवचाचा उंडो, कोंड्याची पोई आणि बांगडीसारखी कांकणां असतात. वस्तू, ती करणारा आणि तिचं नाव एकत्र आले की तो शब्द उसना आहे हे ओळखायला फार कष्ट पडत नाहीत.

तरी पुरावा लागतोच, आणि तो मिळतो लिलावात. पोर्तुगीज ‘लेइलांव’ म्हणजे बोली लावून विक्री. मराठीत त्याचा ‘लिलाव’ झाला. शेवटच्या नाकातल्या ‘आंव’चा आपण सरळ ‘आव’ केला. ‘पांव’चा ‘पाव’ हे त्याच नियमाने. हिंदीने त्या नाकातल्या सुराचा ‘म’ केला आणि ‘नीलाम’ म्हटलं. बंगालीने पावात तो सूर जपून ठेवला: ‘पाँउरुटी’. एकाच परक्या शेपटीवर तीन भाषांनी तीन उपाय केले. व्युत्पत्तीत अशी नियमाने चालणारी जुळणी शंभर सुरस गोष्टींपेक्षा जास्त वजनाची असते.

जाता जाता, हिंदीतली ‘पावरोटी’ म्हणजे शब्दशः ‘रोटी-रोटी’. परका शब्द कळेल न कळेल म्हणून शेजारी घरचा बसवून दिला.

## पण पायाने मळत होतेच ना?

मोठ्या घाण्याचं पीठ कुठे कुठे पायाने तुडवलं जात असेलही. प्रश्न नाव त्यावरून पडलं का, हा आहे. पडलं असतं, तर मराठीत ते ‘पाय’वरून पडायला हवं होतं, कारण पायाला ‘पाव’ मराठी माणूस म्हणत नाही. हिंदी ‘पाँव’वरून आलं म्हणावं, तर गोव्यात आणि कोकणात हिंदी पोचायच्या आधीपासून हा शब्द कसा? आणि सगळ्यात मोठी अडचण जपानची. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानला पोचले आणि जपानी भाषेत ब्रेडला आजही ‘पान’ म्हणतात. श्रीलंकेत सिंहलीतही ‘पान्’. जपानी माणसाच्या पायाला ‘पाव’ म्हणत नाहीत. पोर्तुगीज गलबतं जिथे लागली अशा दूरदूरच्या ठिकाणी हा शब्द आहे. पीठ तुडवण्याचा आणि त्याचा मेळ बसत नाही.

चौथ्या हिश्श्याची गोष्ट तर बेकरीच्या फळीवरच संपते. लादीत सहा पाव असतात, आठ असतात, बाराही असतात, बेकरीनुसार. आणि उंडो तर लादीत नसतोच, सुटा भाजतात. त्याचा चौथा हिस्सा कुठून काढणार?

आपल्याकडून पोर्तुगीजांनी शब्द नेला असेल, हाही एक आवडता युक्तिवाद. त्यावर उत्तर सोपं: फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, रुमानियन या सगळ्या बहिणींकडे तोच शब्द लॅटिनमधून आला आहे, आणि लॅटिन वास्को द गामाच्या दीड हजार वर्षं आधीची.

## देवाचा पाव

तिसरा शब्द क्रियापद आहे. संस्कृत ‘प्राप्’, म्हणजे पोचणे, मिळवणे. ‘प्र’मधला ‘र’ गेला, पुढच्या ‘प’चा ‘व’ झाला (‘दीप’चा दिवा, ‘कपाट’चं कवाड, तसा) आणि झालं ‘पावणे’. हिंदीत तेच ‘पाना’.

मूळ अर्थ ‘पोचणे’ कोंकणीत अजून ठणठणीत आहे. ‘हांव घरा पावलों’ म्हणजे मी घरी पोचलो, त्यात देवाधर्माचं काही नाही. प्रमाण मराठीत रोजच्या पोचण्याचं काम ‘पोहोचणे’ने घेतलं आणि पावणे तीन कोपऱ्यांत जाऊन बसलं. एक देवघरात: नवसाला पावणारा, देव पावला, म्हणजे देव भक्तापर्यंत पोचला. दुसरा वर्तमानपत्री भाषेत: लोप पावला, मृत्यू पावला, प्रसिद्धी पावला. तिसरा कोपरा कचेरीचा. पैसे पावले, म्हणून ‘पावती’. आणि ‘पोचपावती’ पाहा: पोचल्याची पोच आणि पावल्याची पावती, एकच गोष्ट दोनदा. पावरोटीची कचेरीतली बहीण म्हणा.

## शेजाऱ्यांची साक्ष

तीन शब्द मुळात वेगळे, यावर अजून शंका असेल तर गुजरातीकडे जावं. तिथे चौथा हिस्सा ‘पा’, खायचा ‘पाउं’ (नाकातला सूर शाबूत, वडापाउं-पाउंभाजीच्या पाट्यांवर अनुस्वारासकट दिसतो) आणि मिळवणे ‘पामवुं’. बंगालीत चौथाई ‘पोया’, पावाला ‘पाँउरुटी’, मिळण्याला ‘पाओया’. दोन्ही भाषांत तिघांची रूपं निरनिराळी. एकाच मुळाचे असते, तर दोन भाषांनी स्वतंत्रपणे त्यांना तीन-तीन तुकड्यांत तोडलं असं मानावं लागेल.

इथे चोखंदळ वाचक अडवेल: हिंदी ‘पाँव’मध्येही नाकातला सूर आहे, तो तर पोर्तुगीज नव्हे. बरोबर. म्हणून नुसत्या अनुस्वारावर निकाल देता येत नाही. लिलावाची जुळणी, लॅटिनच्या लेकी, जपानचा ‘पान’ आणि गुजरातीतली तीन रूपं, असे सगळे साक्षीदार एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा निकाल लागतो.

मराठीत मात्र तिघे एकाच सोंगात आले. पहिल्याचा ‘द’ झिजला, दुसऱ्याचा नाकातला सूर आपण सोडून दिला, तिसऱ्याच्या ‘प’चा ‘व’ झाला. अशा शब्दांना समोच्चारी म्हणतात: उच्चार एक, कूळ वेगळं.

## मग बोलताना घोटाळा का होत नाही?

कारण व्याकरण तिघांना वेगळं बांधून ठेवतं. खायचा पाव पुल्लिंगी नाम आहे, त्याला विभक्ती लागते: पावाला लोणी, पावात वडा. मोजायचा पाव मापाच्या आधी येतो आणि स्वतः बदलत नाही: पाव किलोला, पाव तासात, पाव टक्क्याने, ‘पावा किलोला’ कुणी म्हणत नाही. देवाचा पाव क्रियापद, तो काळाप्रमाणे बदलतो: पावतो, पावला, पावेल. त्यामुळे ‘पाव किलो पाव आण’ हे ऐकून कुणी थबकत नाही. शब्द शेजारी शेजारी आले तरी पहिला मोजतो आणि दुसरा पिशवीत पडतो.

जिथे व्याकरणाचा आधार सुटतो तिथेच गोंधळ होतो: पाट्यांवर, विनोदांत आणि व्युत्पत्तीच्या फॉरवर्डमध्ये. तिथे शब्द एकटा असतो. असा मजकूर आला की तीन गोष्टी तपासाव्यात. शब्दाचं याहून जुनं रूप काय होतं? शेजारच्या भाषेत त्याला काय म्हणतात? सांगितलेला बदल दुसऱ्या एखाद्या शब्दातही झालेला दिसतो का? पायाने मळण्याची गोष्ट दुसऱ्याच प्रश्नावर आडवी होते.

## दिसायला जवळचे, नात्याने लांबचे

पतितपावन मधला ‘पावन’ हा नवसाला पावणाऱ्याचा नातलग वाटतो, पण तो ‘पू’ (शुद्ध करणे) या धातूचा. ‘पावक’ म्हणजे अग्नी, तोही तिकडचाच. पाऊस आणि पावसाळा आले ‘प्रावृष्’वरून, म्हणजे पावसाचा ऋतू, पेर्ते व्हा म्हणणारा पावशा त्याच्याच घरचा. आणि कोल्हापूर-सांगलीकडे ‘काय पावनं, कुणीकडं?’ असा आवाज आला, तर तो पावन करणाऱ्याला नाही आणि पावणाऱ्यालाही नाही. तो ‘प्राघुण’वरून आलेल्या पाहुण्याला आहे. चहाबरोबर त्याच्यापुढे पाव ठेवला, तर तो पोर्तुगीज.